एनक्रोचॅट बुडालं, अ‍ॅनॉम तरलं

१२ जून २०२० च्या रात्री युरोपातल्या हजारो फोनवर एकच संदेश येऊन पडला. पाठवणारी कंपनी होती एनक्रोचॅट. सरकारी यंत्रणांनी आमच्या व्यवस्थेत घुसखोरी केली आहे, तुमच्या फोनच्या सुरक्षिततेची हमी आता आम्ही देऊ शकत नाही, फोन ताबडतोब बंद करा आणि त्याची विल्हेवाट लावा, असा त्याचा आशय होता. आपल्या गिऱ्हाइकांना आपलाच माल फेकून द्यायला सांगणारी कंपनी विरळाच. पण ज्यांना हा संदेश मिळाला त्यांना त्याचा अर्थ क्षणात कळला. या गिऱ्हाइकांत कोकेनचे घाऊक व्यापारी होते, पैसा इकडचा तिकडे करणारे दलाल होते, बंदुका विकणारे होते आणि सुपारी घेणारेही होते. आपण इतके दिवस काय काय लिहून बसलो आहोत, हे त्यांच्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार?

पुढच्या वर्षभरात या लोकांनी जे केलं, त्याचा हा इतिहास आहे. एक संदेशसेवा बंद पडली की तिचे वापरकर्ते गोंधळतात, एकमेकांना विचारतात आणि मग सगळे मिळून दुसरीकडे वस्तीला जातात. साध्या माणसांनी हे याहू मेसेंजर बंद पडल्यावर केलं, ब्लॅकबेरीचं बीबीएम बंद पडल्यावर केलं. गुन्हेगारांनीही तेच केलं. फरक एवढाच की ते जिथे गेले ती जागा पोलिसांनीच बांधून ठेवली होती.

एनक्रोचॅट म्हणजे नुसतं अ‍ॅप नव्हतं. कंपनी अख्खा फोनच विकायची. बीक्यू नावाच्या स्पॅनिश कंपनीचा साधा अँड्रॉइड फोन घेऊन त्यात आपली प्रणाली घालायची. एक पिन टाकला की फोन नेहमीसारखा उघडायचा, दुसऱ्या पद्धतीने चालू केला की आतला गुप्त भाग उघडायचा. पोलिसांनी पकडलं तर टाकायचा आणखी एक पिन होता, त्याने सगळा मजकूर पुसला जायचा. पाठवलेले संदेश ठरावीक मुदतीनंतर आपोआप नष्ट होत. हँडसेटची किंमत सुमारे १,००० युरो आणि सहा महिन्यांच्या वर्गणीचे १,५०० युरो. दुकानात हा फोन मिळत नसे. ओळखीतून ओळख काढत, रोख पैसे देऊन तो घ्यावा लागे. जगभरात त्याचे सुमारे ६०,००० वापरकर्ते होते आणि त्यांतले १०,००० एकट्या ब्रिटनमध्ये.

फ्रान्सच्या जान्दार्मरीला, म्हणजे तिथल्या निमलष्करी पोलीस दलाला, हे फोन छाप्यांत वारंवार सापडू लागले होते. २०१७ पासून त्यांच्या सायबर विभागाने याचा माग काढायला सुरुवात केली. कंपनीचे सर्व्हर फ्रान्समध्येच, बेल्जियमच्या सीमेजवळच्या रूबे या शहरात असल्याचं उघड झालं. मग न्यायालयाची परवानगी घेऊन पोलिसांनी त्या सर्व्हरमधून सगळ्या फोनमध्ये एक छुपा प्रोग्रॅम सोडला. १ एप्रिल २०२० पासून संदेश पोलिसांकडे येऊ लागले.

इथे एक तांत्रिक मुद्दा नीट समजून घ्यायला हवा, कारण पुढचा सगळा इतिहास त्यावर उभा आहे. पोलिसांनी एनक्रोचॅटचं एन्क्रिप्शन फोडलं नाही. एन्क्रिप्शन संदेशाला प्रवासात झाकतं. लिहिणाऱ्याच्या आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे तो उघडाच असतो. पोलिसांनी फोनमध्येच ठाण मांडलं आणि संदेश कुलूपबंद व्हायच्या आत किंवा कुलूप उघडल्यावर वाचला. एन्क्रिप्शनचं गणित जसंच्या तसं शाबूत राहिलं.

मे महिन्यात काही गिऱ्हाइकांनी तक्रार केली की, फोनमधला मजकूर पुसायची सोय चालत नाही. कंपनीला आधी वाटलं, गिऱ्हाईकच पिन विसरलं असेल. नंतर एक फोन हाती घेऊन तपासला तेव्हा आतला परका प्रोग्रॅम दिसला. कंपनीने दुरुस्ती पाठवली, पण प्रोग्रॅम नव्या रूपात परतला. तेव्हा कुठे जूनमधला तो निर्वाणीचा संदेश गेला. तोवर अडीच महिने उलटले होते.

त्या अडीच महिन्यांत पोलिसांनी जे वाचलं, ते वाचून माणसाच्या क्रौर्याची नव्याने ओळख पटते. नेदरलँड्समध्ये बेल्जियमच्या सीमेलगत वाउसे प्लांटाजे नावाचं खेडं आहे. तिथल्या एका शेडमध्ये मालवाहतुकीचे सात कंटेनर उभे केले जात होते. संदेशांतून त्यांचे फोटो फिरत होते. २२ जून २०२० ला डच पोलीस आत शिरले तेव्हा सहा कंटेनरमध्ये कोठड्या तयार होत्या. छताला आणि जमिनीला बेड्या लावलेल्या होत्या. सातव्यात दंतवैद्याची खुर्ची होती, तिला हातपाय बांधायचे पट्टे होते. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून भिंतींना अस्तर लावलेलं होतं. जवळच छाटणीच्या कात्र्या, करवती, पकडी, शस्त्रक्रियेचे चाकू ठेवलेले होते. संदेशांमध्ये या जागेला उपचाराची खोली म्हटलेलं होतं. ज्यांना तिथे आणलं जाणार होतं त्यांची नावंही त्याच संदेशांत मिळाली. पोलिसांनी त्यांना आधीच सावध केलं आणि ते लपून राहिले. संदेश वाचले गेले नसते तर या माणसांचं काय झालं असतं? या प्रकरणातल्या पोलिसी पद्धतींबद्दल मला पुढे काही आक्षेप नोंदवायचे आहेत, पण त्या खुर्चीचा विसर पडू देऊन ते नोंदवता येणार नाहीत.

दुसरी गोष्ट लिव्हरपूलची. तिथल्या एका अमली पदार्थ विक्रेत्याने आपल्या तळहातावर स्टिल्टन चीजचा तुकडा धरून फोटो काढला आणि एनक्रोचॅटवर मित्राला पाठवला. या सेवेत कुणी खऱ्या नावाने वावरत नसे, प्रत्येकाचं टोपणनाव असे. फोटोत चेहरा नव्हता, पत्ता नव्हता. पण बोटं आणि तळहात स्पष्ट होते. पोलिसांनी त्यावरून ठसे जुळवले. मे २०२१ मध्ये त्याला साडेतेरा वर्षांची शिक्षा झाली. ही माणसं फोनवर इतकी निर्धास्त होती की दिवसभराचा संसार त्यात मांडत होती. लेकरांचे फोटो, जेवणाचे फोटो आणि मध्येच कोकेनच्या विटांचे फोटो.

२ जुलै २०२० ला पोलिसांनी सगळं जाहीर केलं. ब्रिटनमध्ये ७४६ जणांना अटक, ५ कोटी ४० लाख पौंड रोख, ७७ बंदुका, दोन टनांहून अधिक अमली पदार्थ. नेदरलँड्समध्ये १९ ठिकाणी कृत्रिम अमली पदार्थांचे कारखाने सापडले आणि ८,००० किलो कोकेन जप्त झालं. अटकांचा आकडा पुढे फुगतच गेला. जून २०२३ पर्यंत जगभरातल्या अटकांची संख्या ६,५५८ झाली होती.

जे सुटले होते त्यांच्यापुढे प्रश्न होता तो धंद्याचा. कोलंबियातून निघालेला माल अँटवर्पच्या बंदरात कोणत्या कंटेनरमधून येतोय, तो कुणी उतरवून घ्यायचा, पैसे कुठे पोचवायचे, हे बोलणं थांबलं की धंदा थांबतो. समोरासमोर भेटावं तर कोविडमुळे सीमा बंद. पोलीस फोन ऐकतात हे एनक्रोचॅटने दाखवून दिलं होतं, आणि तरीही फोनशिवाय त्यांचं पान हलत नव्हतं. म्हणून ते ज्याच्या त्याच्या तोंडी असलेल्या पुढच्या नावाकडे वळले. ते नाव होतं स्काय ईसीसी.

स्काय ईसीसी चालवणारी स्काय ग्लोबल ही कॅनडातल्या व्हँकुव्हरची कंपनी. आमचं एन्क्रिप्शन फोडून दाखवणाऱ्याला घसघशीत बक्षीस देऊ, अशी तिची जाहिरात होती. एनक्रोचॅट बुडाल्यावर त्याची बरीच गिऱ्हाइकं इकडे आली, हे युरोपीय संघाची पोलीस संस्था असलेल्या युरोपोलनेच नंतर सांगितलं. वापरकर्ते सुमारे १,७०,००० झाले आणि रोज ३० लाख संदेशांची देवाणघेवाण होऊ लागली. पाचवा हिस्सा गिऱ्हाईक एकट्या बेल्जियम आणि नेदरलँड्समधलं, म्हणजे अँटवर्प आणि रॉटरडॅम या दोन बंदरांच्या आसपासचं. कोकेनचा युरोपात शिरायचा मुख्य दरवाजा कुठे आहे हे या एका गोष्टीवरून कळावं.

आणि सर्व्हर? तेही रूबेलाच. बेल्जियम, फ्रान्स आणि नेदरलँड्सचे पोलीस तिथे आधीच पोचलेले होते. फेब्रुवारी २०२१ च्या मध्यापासून ते जवळपास ७०,००० वापरकर्त्यांचे संदेश वाचत होते. ९ मार्चला पहाटे एकट्या बेल्जियममध्ये सुमारे १,६०० पोलीस रस्त्यावर उतरले आणि दोनशे ठिकाणी झडत्या झाल्या. कंपनीने इन्कार केला. कुणीतरी आमच्या नावाने नकली फोन विकले, असं तिचं म्हणणं पडलं. १२ मार्चला अमेरिकेत सॅन दिएगोच्या न्यायालयात तिच्या प्रमुखावर, जाँ-फ्रांस्वा ईपवर, आरोप ठेवल्याचं जाहीर झालं. नऊ महिन्यांत दुसरं घर बुडालं.

आता हे लोक जिथे गेले तिथली गोष्ट सांगण्यासाठी तीन वर्षं मागे जावं लागतं.

मार्च २०१८ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने फँटम सिक्युअर नावाची अशीच एक कंपनी बंद पाडली होती. तीही व्हँकुव्हरची. ब्लॅकबेरीतून कॅमेरा, माइक, जीपीएस काढून टाकायचे आणि फक्त कूट संदेश पाठवणारा फोन विकायचा, हा तिचा धंदा. तिचा प्रमुख व्हिन्सेंट रामोस याला वॉशिंग्टन राज्यात अटक झाली आणि मे २०१९ मध्ये नऊ वर्षांची शिक्षा झाली. जाता जाता सांगायला हवं की, त्याच्या संगणकातल्या ईमेलमधून कॅनडाच्या राष्ट्रीय पोलीस दलाचा गुप्तवार्ता अधिकारी कॅमरन ऑर्टिस हाच गुन्हेगारांना गुपितं पुरवू पाहत असल्याचा माग लागला. त्यालाही पुढे चौदा वर्षांची शिक्षा झाली. कुंपणच शेत खात होतं.

फँटम सिक्युअर बंद पडताच एफबीआयच्या सॅन दिएगो कार्यालयाकडे एक माणूस आला. त्याने पूर्वी फँटम सिक्युअरचे आणि स्कायचे फोन विकले होते, त्याच्यावर खटल्याची टांगती तलवार होती. तो स्वतःचा नवा सुरक्षित फोन तयार करत होता आणि त्याचं नाव ठेवलं होतं अ‍ॅनॉम. शिक्षेत सवलत मिळावी या आशेने त्याने तो फोन एफबीआयला देऊ केला. न्यायालयीन कागदपत्रांनुसार त्याला १,२०,००० डॉलर आणि प्रवास व राहण्याच्या खर्चापोटी सुमारे ६०,००० डॉलर देण्यात आले. त्याचं खरं भांडवल होतं त्याच्या ओळखी. ऑस्ट्रेलियात फँटमचे फोन विकणाऱ्या जुन्या दलालांना तो ओळखत होता आणि ते त्याला ओळखत होते.

एफबीआय आणि ऑस्ट्रेलियाच्या संघीय पोलिसांनी मिळून हा बेत आखला. ऑस्ट्रेलियाने त्याला ऑपरेशन आयर्नसाइड म्हटलं, अमेरिकेने ट्रोजन शील्ड. ऑक्टोबर २०१८ मध्ये सुमारे ५० फोन ऑस्ट्रेलियात चाचणी म्हणून वाटले गेले.

अ‍ॅनॉमचा फोन दिसायला साधा अँड्रॉइड. त्यावर एक कॅल्क्युलेटर असे. त्यात ठरावीक आकडे टाकले की हिशेबाऐवजी संदेशांचं पान उघडे. फोन लावता येत नसे, इंटरनेट चाळता येत नसे. संदेश, फोटो, आवाजाच्या छोट्या फिती, बस. वापरणाऱ्याला त्यात कुठे खोट दिसावी? एन्क्रिप्शन खरंच होतं आणि चोख होतं. पण प्रत्येक संदेशासोबत त्याची किल्लीही गुपचूप बांधलेली असे. तुम्ही मित्राला पत्र पाठवलंत की त्याची एक प्रत न दिसणाऱ्या तिसऱ्या माणसाला जावी, तसा प्रत्येक संदेश एफबीआयच्या सर्व्हरकडे वळत असे. फोनच्या यादीत हा तिसरा कुठेही दिसत नसे.

असा फोन नुसत्या जाहिरातीवर खपत नाही. नवा फोन घेणारा माणूस दोनच गोष्टी बघायचा: आपल्या धंद्यातला मोठा माणूस हाच वापरतो का, आणि तो देणारा ओळखीचा आहे का. म्हणून पोलिसांनी वजनदार माणसांच्या हाती फोन पडेल एवढंच पाहिलं. हाकान आयिक हा सिडनीहून परागंदा होऊन तुर्कस्तानात बसलेला कुख्यात तस्कर. तो नकळत अ‍ॅनॉमचा सगळ्यात मोठा पुरस्कर्ता झाला. त्याने शिफारस केली की ऑस्ट्रेलियातल्या टोळ्या डोळे झाकून फोन घेत. पुढे सगळं उघड झाल्यावर ऑस्ट्रेलियाच्या पोलिसांनी त्याला जाहीर सल्ला दिला की, तुझ्याच माणसांपासून जीव वाचवायचा तर शरण ये. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याला इस्तंबूलमध्ये अटक झाली.

तरीही अ‍ॅनॉमची वाढ आधी संथच होती. तिला खरं बळ मिळालं ते प्रतिस्पर्धी बंद पडल्यामुळे. जुलै २०२० मध्ये एनक्रोचॅट गेल्याचं जाहीर झालं आणि अ‍ॅनॉमची मागणी वाढली. पण उडी पडली ती मार्च २०२१ मध्ये. एफबीआयच्या अधिकाऱ्याने न्यायालयात दिलेल्या प्रतिज्ञापत्रात सरळ म्हटलं आहे की, स्कायवर कारवाई होण्यापूर्वी अ‍ॅनॉमचे चालू वापरकर्ते सुमारे ३,००० होते, ते त्यानंतर ९,००० झाले. दोन-अडीच महिन्यांत तिप्पट. एका देशाचे पोलीस एक सेवा उद्ध्वस्त करत होते आणि तिथून पळालेली माणसं दुसऱ्या देशाच्या पोलिसांच्या दारात पैसे मोजून उभी राहत होती.

हीच त्या गर्दीची गोष्ट आहे आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. एनक्रोचॅट फुटलेलं पाहून ही माणसं शहाणी व्हायला हवी होती. त्यांच्याकडे पैसा होता, तंत्रज्ञ विकत घेण्याची ताकद होती, शंका घेणं हा तर त्यांच्या धंद्याचा पायाच. तरी त्यांनी नवा फोन कुणी बनवला, पैसे कुणाकडे जातात, कोड कुणी तपासला, हे विचारलं नाही. मार्चच्या अखेरीस एका अनामिकाने इंटरनेटवर लेख लिहून सांगितलं की, अ‍ॅनॉमचा फोन तपासला असता तो संशयास्पद सर्व्हरशी बोलताना दिसतो, हा सापळा आहे. तो लेख लवकरच काढला गेला. वापरकर्ते वाढतच राहिले. जुनं घर जळालेलं असतं आणि सोबतचे सगळे एका दिशेने निघालेले असतात, तेव्हा माणूस रस्ता तपासत नाही. तो शेजाऱ्याच्या पाठीकडे पाहून चालतो.

७ आणि ८ जून २०२१ ला वेगवेगळ्या देशांत मिळून सुमारे ९,००० पोलीस बाहेर पडले. त्या मोहिमेअखेर ८०० हून अधिक जणांना अटक झाल्याचं जाहीर करण्यात आलं. आठ टन कोकेन, २२ टन गांजा आणि चरस, २५० बंदुका, ५५ महागड्या गाड्या. शंभराहून अधिक देशांत १२,००० फोन पसरले होते आणि त्यांवरून २ कोटी ७० लाख संदेश गेले होते. ऑस्ट्रेलियात २२४ जणांना अटक झाली, हत्येचे २१ कट उधळले गेल्याचं पोलिसांनी सांगितलं. पंतप्रधान स्कॉट मॉरिसन स्वतः पत्रकारांसमोर आले. अ‍ॅनॉमच्या संकेतस्थळावर त्या दिवशी एक सूचना झळकली. आपलं खातं चालू तपासाशी जोडलेलं आहे का हे जाणून घ्यायचं असल्यास इथे माहिती भरा, असं तिथे लिहिलेलं होतं.

आता आक्षेपाची बाब. अमेरिकी कायद्यात आणि घटनेत अशी सरसकट पाळत अडचणीची ठरली असती. म्हणून एफबीआयने अमेरिकेतल्या फोनचे संदेश वाचायचे नाहीत असं ठरवलं. ऑस्ट्रेलियाच्या न्यायालयाने दिलेल्या परवानगीत मजकूर परदेशाला देण्याची मुभा नव्हती. मग तिसरा देश शोधला गेला. ऑक्टोबर २०१९ पासून त्या देशातला सर्व्हर संदेश गोळा करी आणि सोमवार, बुधवार, शुक्रवार असे आठवड्यातून तीनदा ते एफबीआयला पोचवी. न्यायालयात सरकारने त्या देशाचं नाव सांगायचं टाळलं. तो लिथुआनिया असल्याचं २०२३ मध्ये पत्रकारांनी शोधून काढलं. तिथल्या परवानगीची मुदत ७ जून २०२१ ला संपत होती, आणि म्हणूनच मोहीम त्या दिवशी संपवली गेली.

स्वतःच्या नागरिकांवर जे करायला कायदा मोकळीक देत नाही, ते दुसऱ्या देशाच्या कायद्याच्या आडोशाने जगातल्या इतरांवर करायचं, ही पद्धत मला अमान्य आहे. पकडलेली माणसं गुन्हेगार होती यात फारशी शंका नाही. पण कायद्याची वाट निवडताना पोलीस देशच बदलू लागले तर न्यायालयाच्या परवानगीला अर्थ काय उरतो? युरोपातल्या न्यायालयांनी हा प्रश्न टाळला नाही. ब्रिटनमध्ये फोनवरून जाताना मध्येच टिपलेलं संभाषण पुरावा म्हणून चालत नाही. तिथल्या अपील न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये ठरवलं की एनक्रोचॅटचे संदेश फोनमध्ये साठवलेले असताना घेतले गेले, म्हणून ते चालतील. युरोपीय संघाच्या न्यायालयाने ३० एप्रिल २०२४ ला सांगितलं की असा पुरावा दुसऱ्या देशाकडून घेता येईल, पण आरोपीला त्यावर नीट प्रतिवाद करता येणार नसेल तर तो बाजूला ठेवावा लागेल. हे दुसरं वाक्य मला फार मोलाचं वाटतं.

याच काळात आपल्याकडेही स्थलांतराची एक लाट येऊन गेली. जानेवारी २०२१ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपने माहितीच्या वापराबाबत नव्या अटी जाहीर केल्या आणि घराघरांतल्या गटांवर एकच चर्चा सुरू झाली. काकांनी सिग्नलवर कुटुंबाचा गट काढला, सोसायटीच्या सेक्रेटरीने टेलिग्रामवर काढला. सिग्नलवर इतके लोक आले की १५ जानेवारीला त्याची सेवा बंद पडली. त्याच आठवड्यात, १४ जानेवारीला, हाइक हे भारतीय मेसेंजर कायमचं बंद झालं. व्हॉट्सअ‍ॅपला वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती देऊन तुमचे खासगी संदेश आम्ही वाचत नाही असं सांगावं लागलं. ही माणसं कुणापासून पळत नव्हती, त्यांना फक्त आपलं बोलणं आपल्यापाशी ठेवायचं होतं. सिग्नलचा कोड सगळ्यांसाठी खुला आहे, जगभरचे तज्ज्ञ तो तपासतात. व्हॉट्सअ‍ॅपही २०१६ पासून सिग्नलचीच एन्क्रिप्शन पद्धत वापरतं. अ‍ॅनॉमचा कोड कुणाला पाहायला मिळत नव्हता. दोन्हीकडची गर्दी सारखीच होती, पण एका गर्दीसाठी कुणीतरी आधी तपासणी करून ठेवलेली होती.

२५ फेब्रुवारी २०२१ ला, म्हणजे बेल्जियममध्ये स्कायचे संदेश वाचले जात असतानाच, भारत सरकारने माहिती तंत्रज्ञानाचे नवे नियम जारी केले. मोठ्या संदेशसेवांनी आदेश मिळाल्यावर एखादा संदेश सगळ्यात आधी कुणी पाठवला हे सांगता येईल अशी व्यवस्था ठेवावी, असं त्यांत म्हटलं आहे. व्हॉट्सअ‍ॅपने मे महिन्यात दिल्ली उच्च न्यायालयात त्याला आव्हान दिलं. असं करायचं तर सगळ्यांचं एन्क्रिप्शन मोडावं लागेल, असा त्यांचा युक्तिवाद. एप्रिल २०२४ मध्ये त्यांच्या वकिलाने न्यायालयात सांगितलं की, तशी सक्ती झाली तर व्हॉट्सअ‍ॅप भारतात राहणार नाही. सरकारचं म्हणणं असं की, गंभीर गुन्ह्यांच्या तपासाला याची गरज आहे.

या वादात बाजू घेण्याआधी एनक्रोचॅट, स्काय आणि अ‍ॅनॉमची कागदपत्रं पुन्हा वाचावीत असं मला वाटतं. हजारो अटका झाल्या, टनावारी कोकेन पकडलं गेलं, छळाची खुर्ची वेळेत जप्त झाली. यासाठी एकाही सामान्य नागरिकाच्या फोनचं कुलूप कमजोर करावं लागलं नाही. पोलिसांनी ठरावीक सेवेवर, ठरावीक सर्व्हरवर नेम धरला. बहुतेक ठिकाणी त्यासाठी न्यायालयाचा आदेश होता. त्यानंतरही हाच मार्ग चालू राहिला: सप्टेंबर २०२४ मध्ये सिडनीतून चालणारं घोस्ट आणि डिसेंबर २०२४ मध्ये युरोपातलं मॅट्रिक्स अशाच रीतीने बंद पाडलं गेलं. मॅट्रिक्सचे २३ लाख संदेश पोलिसांनी तीन महिने वाचले होते. गुन्हेगार पकडायचे तर सगळ्यांची कुलपं ढिली करावीच लागतील, हा दावा या इतिहासाने खोटा ठरवला आहे. आपल्या खासदारांनी, न्यायालयांनी आणि हातात फोन असलेल्या प्रत्येक वाचकाने तो मान्य करण्याआधी पुरावा मागितला पाहिजे.